नुकताच पाहिलेला चित्रपट : कुठे पाहिलात, कसा पाहिलात आणि कोणाला सुचवाल?

गेल्या दोन-तीन वर्षांत आलेला एखादा चित्रपट पाहून झाल्यावर ‘हा अमक्याला सांगितलाच पाहिजे’ असे वाटले असेल, तर तो अनुभव येथे लिहावा, अशी सर्वांना विनंती आहे. नुसते नाव आणि ‘चुकवू नका’ एवढ्याने फारसे काही साधत नाही, असे माझे मत झाले आहे. चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिलात की घरी, एकट्याने की कोणासोबत, सलग की तुकड्यातुकड्यांनी, आणि तसे पाहिल्यामुळे हाती काय लागले किंवा काय निसटले, हेही आवर्जून सांगावे. कारण चांगला चित्रपट भलत्या ठिकाणी किंवा भलत्या वेळी पाहिला गेला, तर तो कंटाळवाणा ठरतो आणि सुचवणाऱ्यावरचा विश्वासही उडतो. कथेत रहस्य असेल तर ते कृपया राखावे. खाली तारांच्या खुणेनंतर दर वेळी निराळ्या व्यक्तीचा प्रतिसाद आहे.

हे सुचले ते ‘ओपनहायमर’मुळे. ख्रिस्तोफर नोलन यांचा हा तीन तासांचा चित्रपट जुलै 2023 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात चित्रपटगृहात पाहिला. 16 जुलै 1945 च्या पहाटे झालेल्या ट्रिनिटी अणुचाचणीचा प्रसंग त्यात आहे. स्फोट होतो, पडदा उजेडाने भरून जातो, आणि आवाज मात्र येत नाही, कारण पाहणारे शास्त्रज्ञ मैलोगणती दूर आहेत आणि प्रकाश त्यांच्यापर्यंत आधी पोहोचतो. त्या निःशब्द वेळात श्वास तेवढा ऐकू येत राहतो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला मला पडद्याच्या उजेडात दिसला, आणि नंतर जो धडाका आला तो कानांआधी छातीला जाणवला. काही महिन्यांनी हाच चित्रपट मी घरच्यांना मुद्दाम बसवून दाखवला. नेमक्या त्याच प्रसंगी आवाज गेला असे समजून माझ्या भावाने रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला. धडाका आला तेव्हा सगळे दचकले खरे, पण रिमोटची शोधाशोध करण्यातच तो प्रसंग संपला. यात भावाचा दोष काहीच नव्हता. ती शांतता मुद्दाम ठेवलेली आहे हे कळण्यासाठी आजूबाजूला गडद अंधार आणि शेकडो माणसांचे एकदम गप्प होणे लागते, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दोन्ही नव्हते.

* * *

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मी सप्टेंबर 2025 मध्ये, तो प्रदर्शित झाल्यावर लगेचच चित्रपटगृहात पाहिला. त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्रपट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले होते, म्हणून उत्सुकता होती. वडील वारल्यामुळे दहा दिवसांसाठी शहरातून मूळ गावी आलेला आनंद, आता तरी लग्न कर म्हणून त्याच्यामागे लागलेले नातेवाईक, मुलाचे मन जाणणारी आई आणि लहानपणचा मित्र बाळ्या, एवढ्या माणसांभोवती तो फिरतो. त्यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. कोणत्या क्षणी आपण हळवे व्हायचे हे सांगायला एकही सूर येत नाही. दोन माणसे शेजारी बसतात, बोलत नाहीत, आणि कॅमेराही जागचा हलत नाही. सुरुवातीची दहा मिनिटे प्रेक्षागृहात चुळबूळ होती, एका गृहस्थांनी तर फोन घेऊन बोलायलाही सुरुवात केली होती. हळूहळू सगळे त्या संथ लयीत आले, आणि उत्तरार्धात तर खोकतानाही माणसे दबकत होती. घरी पाहिला असता तर त्या पहिल्या दहा मिनिटांतच मी हातात फोन घेतला असता, याची मला खात्री आहे.

मात्र सुचवताना माझ्याकडून एक चूक झाली आणि ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. माझ्या एका जिवलग मित्राचे वडील दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. त्याला मी ‘अतिशय हळुवार प्रेमकथा आहे’ एवढेच सांगून दुसऱ्यांदा सोबत नेले. कथा सुरू होते तीच मृत्यूपासून, हे माझ्या मनातच आले नाही. मला त्यातले प्रेम तेवढे आठवत होते. पाव तासाने तो उठून बाहेर गेला. मीही मागोमाग गेलो, तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला होता आणि काही विचारू नकोस, अशी त्याने हातानेच खूण केली. पुढच्या आठवड्यात तो आपणहून, एकटाच, रात्रीच्या खेळाला जाऊन आला आणि आनंद व त्याच्या आईच्या नात्याविषयी माझ्याशी तासभर बोलला. चित्रपट त्याला नकोसा नव्हता. त्याला फक्त आधी सांगायला हवे होते.

* * *

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ हा जोनाथन ग्लेझर यांचा 2023 सालचा चित्रपट मी घरीच पाहावा असे सुचवेन, पण हेडफोन लावून, रात्री, आणि शक्यतो एकट्याने. नाझींच्या आऊशविट्झ संहारछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस छावणीच्या भिंतीला लागूनच असलेल्या घरात बायकामुलांसह राहत होता. चित्रपट त्या घरातला आहे. कॅमेरा भिंतीपलीकडे जवळजवळ जातच नाही. आपल्याला दिसते ते नीटनेटके घर, फुलझाडे, मुलांचे खेळणे, घरची बाई अंगावर घालून पाहते तो फरचा कोट. भिंतीपलीकडचे सगळे ऐकू मात्र येते. ध्वनिरचना करणाऱ्या जॉनी बर्न यांनी छावणीतील आवाजांसाठी शेकडो पानांचे टिपण तयार केले होते, आणि पुढे या चित्रपटाला उत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाबरोबरच ध्वनीसाठीही ऑस्कर मिळाले.

प्रथम मी तो टीव्हीच्या साध्या आवाजावर पाहिला होता आणि ‘यात काही घडतच नाही’ असे माझे मत झाले होते. नंतर कोणीतरी सांगितले म्हणून हेडफोन लावून पुन्हा पाहिला. तेव्हा कळले की अखंड अशी एक घरघर त्या घरामागे चालू आहे, अधूनमधून कुत्री भुंकत आहेत, दूर कुठे गोळी सुटते आहे, आणि बागेत बोलणाऱ्या माणसांच्या आवाजात त्याने तिळमात्र फरक पडत नाही. म्हणजे सर्व काही आधीही घडतच होते. माझ्या टीव्हीने ते मला ऐकू दिले नव्हते. सुरुवातीला बराच वेळ पडदा काळाच राहतो, तेव्हा काही बिघडले आहे असे समजू नये.

* * *

माझा अनुभव छोटा आहे. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (2023) पाहिला नसेल, तर त्याविषयी काहीही न वाचता पाहा. मी तो चार जणांना सुचवला आणि चौघांनाही ‘शेवटपर्यंत उठू नका’ याखेरीज एक शब्द सांगितला नाही. पाचव्या व्यक्तीला मात्र उत्साहाच्या भरात अर्धी गोष्ट सांगून बसले, आणि तिला तो ‘ठीक’ वाटला.

* * *

माझ्या आईला गेली काही वर्षे कमी ऐकू येते, त्यामुळे तिने चित्रपट पाहणे जवळपास सोडून दिले होते. चित्रपटगृहात मराठी किंवा हिंदी चित्रपटाला बहुधा त्याच भाषेतील शब्द पडद्यावर येत नाहीत, आणि शेजारी बसून कानात सांगत राहावे तर इतरांना त्रास होतो. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ घरी पाहता येऊ लागल्यावर मी तो तिच्यासोबत पाहिला. 2024 च्या कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट येण्याची ती तीस वर्षांनंतरची पहिलीच वेळ होती. आईला या गोष्टीचे विशेष काही वाटले नाही. तिला वाटले ते असे, की चित्रपट मल्याळम, हिंदी आणि मराठीत असल्याने उपशीर्षके सर्वांनाच वाचावी लागतात, आणि म्हणून त्या दोन तासांत ती आणि आम्ही अगदी एका पातळीवर होतो. एखाद्या प्रसंगाला हसू आले तर सर्वांना एकाच वेळी येत होते.

मुंबईतल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तिघींची ही गोष्ट आहे. प्रभा आणि अनू या परिचारिका आहेत, आणि पार्वती स्वयंपाकघरात काम करते. कनी कुसृती, दिव्या प्रभा आणि छाया कदम यांनी त्या उभ्या केल्या आहेत. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे आणि बराच काळ त्याचा फोनही आलेला नाही. एके दिवशी परदेशातून एक तांबडाभडक राइस कुकर पार्सलने येतो, सोबत चिठ्ठी नाही. रात्री कोणी पाहत नसताना प्रभा जमिनीवर बसून तो कुकर मिठीत घेते. आईने तेथे हात करून मला थांबवायला सांगितले. मी चित्रपट थांबवला. ती काही बोलली नाही, चष्मा पुसला आणि ‘लाव आता’ म्हणाली. चित्रपटगृहात हा थांबा मिळाला नसता, म्हणून मोठ्या पडद्याचे महत्त्व मान्य असूनही मी हा चित्रपट घरातील मोठ्या माणसांसोबत पाहायला सांगेन. पावसाचे आणि लोकलचे आवाज घरी थोडे कमी पोहोचतात, एवढे नुकसान सोसण्याजोगे आहे.

* * *

लहान मुलांसाठी काय सुचवावे, असे मला नेहमी विचारले जाते. माझे उत्तर ‘फ्लो’ असे आहे. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांचा हा 2024 सालचा ॲनिमेशनपट आहे, त्याची लांबी दीड तासाच्या आत आहे, आणि त्यात एकही संवाद नाही. पुराच्या पाण्यातून एका होडीत निघालेले मांजर, कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक उंच पक्षी, एवढीच पात्रे आहेत. ब्लेंडर या कोणालाही विनामूल्य वापरता येणाऱ्या संगणकप्रणालीवर तो तयार झाला आणि त्याने ऑस्कर मिळवले, ही गोष्ट ॲनिमेशन शिकणाऱ्या माझ्या भाच्याला फार धीर देऊन गेली.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीसोबत तो पाहताना संवाद नसल्याचा मोठा लाभ झाला. तिला उपशीर्षके वाचून दाखवायची नव्हती की ‘तो काय म्हणाला’ याचे उत्तर द्यायचे नव्हते. दहाव्या मिनिटापासून तीच मला सांगू लागली की मांजर आता रागावले आहे, आता ते घाबरले आहे पण दाखवत नाही. त्यातील प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. अपवाद कॅपिबाराचा, कारण त्याचा खरा आवाज फार किनरा निघाला आणि त्याऐवजी उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरावा लागला. मध्ये एकदा पाणी फार चढते तेव्हा ती माझ्या मांडीवर येऊन बसली. फार भित्रे मूल असेल तर घरीच, दिवा लावून दाखवावा.

* * *

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ चित्रपटगृहात पाहणे मला कठीण गेले, कारण तो मार्च 2025 मध्ये आला तेव्हा सोयीच्या ठिकाणी त्याचा एकच खेळ होता आणि तोही भर दुपारचा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. 2023 च्या टोरांटो महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळालेला असूनही ही स्थिती होती, याचे मला फार वाईट वाटले. मराठी चित्रपट चांगला आहे असे आपल्याला कळेपर्यंत तो पडद्यावरून उतरलेला असतो, म्हणून मी आता कोणाला सुचवताना ‘याच आठवड्यात जा’ असे बजावून सांगते.

प्रेक्षागृहात फार तर तीस माणसे होती. सुरुवातीलाच एक उलटा प्रसंग आहे : बायका ओळीने बसल्या आहेत आणि ‘दाखवण्यासाठी’ मुलाला समोर आणून बसवले आहे. सगळे मोकळेपणाने हसले. मीही हसले. त्यानंतर मुलगी पाहण्याचे खरे कार्यक्रम सुरू होतात; तीच बैठक, तेच प्रश्न, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते, आणि सविता तीच उत्तरे त्याच स्वरात देते. दुसऱ्या वेळी थोडे हसू आले. तिसऱ्या वेळी कोणीही हसले नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक वडील आणि त्यांची विशीतील मुलगी बसली होती. मध्यंतरात दोघेही जागेवरून उठले नाहीत. चित्रपटातील बहुतेक कलाकार त्याच गावातील, पूर्वी कधीही कॅमेऱ्यासमोर न आलेले लोक आहेत, हे मला नंतर समजले. पाहताना ते अभिनय करत आहेत असे एकदाही वाटले नव्हते.

घरी पाहणाऱ्यांनी हा चित्रपट एकट्याने पाहू नये, असे मी म्हणेन. ज्यांच्यासमोर अशी बैठक कधी बसली आहे आणि जे त्या बैठकीत प्रश्न विचारायला बसले आहेत, अशा दोघांनीही एकत्र पाहावा.

* * *

संथ चित्रपट मोठ्या पडद्यावरच पाहावेत, असा वर एकंदर सूर दिसतो. माझा अनुभव निराळा आहे. विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ मी तीन दिवस, रोज पहाटे चाळीस-पन्नास मिनिटे असा पाहिला. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या हिरायामाचा दिनक्रम हाच त्याचा विषय आहे : उठणे, अंथरुणाची घडी, झाडांना पाणी, गाडीत कॅसेट लावणे, काम, दुपारी झाडाखाली बसून पानांतून झिरपणाऱ्या उजेडाचे छायाचित्र, रात्री पुस्तक. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. एके ठिकाणी तो भांड्याच्या कडेखाली छोटा आरसा धरून, डोळ्यांना एरवी दिसणार नाही तो भागही स्वच्छ झाला आहे की नाही, हे पाहतो. तेवढा प्रसंग पाहून मी चित्रपट थांबवला आणि कामावर गेलो. पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याचा दिवस सुरू झाला तेव्हा माझाही सुरू होत होता. सलग पाहिला असता तर ती सकाळ उगवल्याचे मला इतके जाणवले नसते.

* * *

‘मंजुम्मेल बॉईज’ (2024) घरी पाहायचाच असेल तर खोलीतले सगळे दिवे आधी बंद करा. 2006 मध्ये कोडैकनालच्या गुणा गुहेत खरोखर घडलेल्या अपघातावर तो आधारलेला आहे आणि त्याचा उत्तरार्ध जवळजवळ गुहेतील खोल विवराच्या तोंडाशीच घडतो. स्वयंपाकघरातील ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडद्यावर पडलेले असताना मी तो पाहिला, आणि ते विवर किती खोल आहे हेच समजले नाही.

* * *

जस्टिन ट्रिए यांचा ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ आम्ही पतिपत्नींनी घरी पाहिला. त्याला 2023 चा पाम द’ओर, म्हणजे कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, मिळाला आहे. आल्प्समधील एकाकी घरातून नवरा खाली पडून मरण पावतो, आणि त्याने जीव दिला की लेखिका असलेल्या बायकोने त्याला ढकलले, याचा खटला चालतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला नीट दिसत नाही. मृत्यूच्या आदल्या दिवशीच्या भांडणाचे ध्वनिमुद्रण न्यायालयात ऐकवले जाते. आधी आपल्याला ते भांडण डोळ्यांसमोर दिसते, पण बोलाचाली हातघाईवर येते त्याच क्षणी दृश्य तुटते, आपण न्यायालयात परततो आणि पुढचे केवळ ऐकावे लागते. कोणी कोणाला मारले, हे आपल्यालाही कळत नाही.

तेथे आम्ही थांबलो आणि आमच्यातच वाद सुरू झाला. मला तिचे म्हणणे पटत होते, यांना त्याचे. घरकाम, लेखनाला न मिळणारा वेळ, कोणाच्या भाषेत बोलायचे, कोणाच्या गावी राहायचे, असे ते मुद्दे आहेत, आणि त्यांतील दोन आमच्याही घरातले होते. उरलेला चित्रपट आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. नव्याने लग्न झालेल्यांना मी हा सुचवणार नाही. दहा-पंधरा वर्षे झालेल्यांना अवश्य सुचवेन, आणि दुसऱ्या दिवशी सुटी असेल अशा रात्री पाहा, असेही सांगेन.

* * *

वॉल्टर सालेस यांचा ‘आय ॲम स्टिल हिअर’ हा ब्राझीलचा चित्रपट मी आणि माझ्या मुलीने चित्रपटगृहात पाहिला. 1971 मध्ये लष्करी राजवटीची माणसे रुबेन्स पाइवा या माजी लोकप्रतिनिधीला चौकशीसाठी घेऊन जातात आणि तो परत येत नाही. चित्रपट त्याच्या पत्नीचा, युनिसचा आहे. एका नियतकालिकाचा छायाचित्रकार घरी येतो आणि वडील गमावलेल्या कुटुंबाने गंभीर दिसावे अशी त्याची अपेक्षा असते. युनिस मुलांना हसायला सांगते, आणि सगळी मुले हसतात. माझ्या शेजारी बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी त्या वेळी जे रडू लागली ते शेवटपर्यंत थांबली नाही. फर्नांडा तोरेस यांनी युनिसची भूमिका केली आहे, आणि म्हातारपणची युनिस त्यांच्या आई फर्नांडा माँतेनेग्रो यांनी. हे मी मुलीला बाहेर पडल्यावर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘आधी का नाही सांगितलेस? मी चेहरा नीट पाहिला असता.’ म्हणून येथे आधीच सांगून ठेवते.

* * *

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’विषयी वर वाचून काल रात्री तो पुन्हा लावला. मीही पूर्वी तो अर्ध्यावर सोडून दिला होता. या वेळी हेडफोन लावले, सुरुवातीचा काळा पडदा न कंटाळता पाहिला. पाहुणी म्हणून आलेली आजी रात्री खिडकीशी जाते आणि बाहेरच्या लाल उजेडाकडे पाहत उभी राहते, तेथे मी हेडफोन थोडे सैल केले. अधिक वेळ ते कानांवर सहन होईनात. सकाळी ती कोणालाही न सांगता निघून गेलेली असते. मागच्या वेळी ती का गेली, हे मला समजलेच नव्हते.

चित्रपट संपल्यावर हेडफोन काढून ठेवले आणि दिवा मालवला. कुठून तरी घरघर येत होती. उठून स्वयंपाकघरात गेलो, तर ती फ्रिजची होती. आठ वर्षे तो फ्रिज आमच्या घरात आहे.